रुग्णालयात कोण कोणाशी बोलते, आणि ते ठरवते कोण

ठाण्यातील किंवा नवी मुंबईतील रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीजवळ उभे राहिले की भिंतीवरचे दोन फलक हमखास नजरेस पडतात. एका फलकावर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याचा हवाला असतो. वैद्यकीय सेवेतील व्यक्तीवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे त्यावर लिहिलेले असते. दुसऱ्या फलकावर रुग्णांच्या हक्कांची सनद असते. शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर खासगी रुग्णालयांना ती दर्शनी भागात लावावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यानंतर पहिल्या फलकाची चर्चा वाढली आणि ती वाढायलाच हवी होती.

मात्र हे दोन्ही फलक बिघाड झाल्यानंतरच्या गोष्टी सांगतात. मारहाण झाली तर काय आणि फसवणूक झाली तर काय, हे त्यांवर आहे. रुग्णालयातील वादांच्या बातम्या नीट वाचल्या तर नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते: "आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही." कर्मचाऱ्यांशी बोलले तर त्यांचेही एक वाक्य ठरलेले असते: "आमचं वर कोणी ऐकतच नाही." ही दोन्ही वाक्ये एकाच दुखण्याची लक्षणे आहेत, असे माझे मत आहे. कर्मचारी आपापसांत कसे बोलतात यावर रुग्णापर्यंत काय पोहोचते हे ठरते, आणि कर्मचारी आपापसांत कसे बोलतात हे रुग्णालय चालवणारी माणसे ठरवतात. "रुग्णांशी सौजन्याने वागा" अशी परिपत्रके काढून हे दुखणे का बरे होत नाही, ते पायरीपायरीने पाहू.

'रुग्णाचा अनुभव' म्हणजे नेमके काय?

रुग्णालयांच्या व्यवस्थापनात हल्ली 'रुग्ण अनुभव' हा शब्द फार वापरला जातो. त्याचा अर्थ खोलीतला दूरचित्रवाणी संच, चकचकीत फरशी किंवा स्वागतकक्षातले हसू असा लावला जातो, आणि तो चुकीचा आहे. माझ्यावर उपचार कोण करत आहे, मला काय झाले आहे, पुढे काय होणार आहे आणि दुखले तर कोणाला हाक मारायची, या चार प्रश्नांची उत्तरे रुग्णाला वेळेवर आणि प्रत्येकाकडून सारखीच मिळतात का, हा त्या शब्दाचा गाभा आहे. सकाळी एक डॉक्टर "उद्या घरी जाल" म्हणाले आणि संध्याकाळी दुसऱ्यांनी "अजून तीन दिवस" सांगितले, तर दोघेही कितीही गोड बोलले असले तरी रुग्णाचा विश्वास तिथेच उडतो.

ठाणे स्थानकाच्या फलाटावर गाडी पंधरा मिनिटे उशिरा येणार असल्याची घोषणा झाली तर लोक कुरकुरतात, पण थांबतात. घोषणाच झाली नाही आणि इंडिकेटर कोरा राहिला, तर तीच पंधरा मिनिटे असह्य होतात आणि लोक हाती लागेल त्या रेल्वे कर्मचाऱ्यावर राग काढतात. शस्त्रक्रियागृहाच्या बंद दारासमोर चार तास बसलेल्या कुटुंबाचे तेच होते, फक्त तिथे पणाला लागलेला असतो घरातला माणूस. दार उघडून बाहेर येणारा पहिला माणूस बहुधा कक्षसेवक असतो, ज्याला आत काय चालले आहे हे कोणी सांगितलेले नसते, आणि सगळा राग त्याच्यावर निघतो.

माहिती गळते कुठे?

सर्वसाधारण कक्षात दिवसाच्या तीन पाळ्या असतात. सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ, असे त्यांचे ढोबळ वेळापत्रक असते. म्हणजे एका रुग्णाची माहिती दर दिवशी तीनदा एका परिचारिकेच्या हातून दुसरीच्या हाती जाते. निवासी डॉक्टरांच्या पाळ्या वेगळ्या, तपासणीला येणारे तज्ज्ञ वेगळे, प्रयोगशाळा वेगळी आणि सोनोग्राफी विभाग वेगळा. या प्रत्येक सांध्यावर थोडी माहिती गळते. या सोपवणुकीला सगळे 'हँडओव्हर' म्हणतात.

एका सार्वजनिक रुग्णालयाच्या स्त्री-कक्षात पाहिलेला हँडओव्हर मला फार बोलका वाटतो. परिचारिका टेबलाशी बसून नोंदवही वाचण्याऐवजी खाटेखाटेपाशी जाऊन पाळी सोपवत होत्या. एका वृद्ध बाईंच्या खाटेशी सकाळच्या सिस्टर म्हणाल्या, "ह्यांना उपाशी ठेवलंय, सोनोग्राफी व्हायचीय." त्या बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "अगं बाई, सोनोग्राफी तर काल झाली की. पोटाला थंडगार लावून फिरवलं ते तेच ना?" केसपेपर उलटून पाहिला तेव्हा अहवाल मागच्या पानांत सापडला. मुरबाडच्या पुढच्या एका पाड्यावरून आलेल्या त्या बाई संध्याकाळपर्यंत विनाकारण उपाशी राहिल्या असत्या. टेबलाशी बसून पाळी सोपवली असती तर ही चूक रात्रीच्या पाळीपर्यंत तशीच सरकत गेली असती आणि संध्याकाळी त्यांच्या मुलाचे कोणाशी तरी जोरात भांडण झाले असते. या प्रसंगात कोणी उद्धट नव्हते आणि कोणाचे ज्ञान कमी नव्हते. रुग्णाला ऐकू जाईल अशा जागी उभे राहून बोलायचे, हा नियम कोणीतरी घालून दिला होता आणि तो रोज पाळला जात होता.

पाळी सोपवण्याची पद्धत शिस्तीत बसवली की काय फरक पडतो, याचा मोठा अभ्यास अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ठरावीक क्रमाने माहिती सोपवायला शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी, तर रुग्णाला इजा करणाऱ्या टाळता येण्याजोग्या घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यासाठी नवे औषध किंवा नवे यंत्र लागले नाही.

फोनवरची चार वाक्ये

रात्री दोन वाजता परिचारिका डॉक्टरांना फोन करते तेव्हा काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. "सर, बारा नंबरच्या पेशंटचं बीपी जरा कमी वाटतंय." पलीकडून उत्तर येते, "बरं, सलाईन चालू ठेवा, बघतो." दोघांनीही आपापले काम केले, आणि तरीही रुग्ण होता तिथेच राहिला.

आता हाच फोन असा करून पाहा. "सर, फीमेल सर्जिकल वॉर्डमधून बोलतेय. बारा नंबरच्या पेशंटचं बीपी ८४/५० आहे, तासापूर्वी ११०/७० होतं. काल दुपारी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. पल्स १२४ आहे आणि ड्रेनच्या नळीत ताजं रक्त दिसतंय, मला आतून रक्तस्राव होत असल्यासारखं वाटतंय. तुम्ही लगेच येऊन बघा." आत्ता काय चालले आहे, मागची हकीकत काय, मला काय वाटते आणि तुमच्याकडून काय हवे, असा हा क्रम आहे. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांत तो वापरात होता. कॅलिफोर्नियातील कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने तो रुग्णालयांसाठी बेतून घेतला आणि आता तो जगभर परिचारिकांना शिकवला जातो.

या चार वाक्यांतील तिसरे सर्वांत अवघड आहे. "मला वाटतं" हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे रात्रपाळीच्या परिचारिकेला वाटले पाहिजे. हा अधिकार प्रशिक्षणवर्गातून मिळत नाही. मागच्या वेळी तिने तसे म्हटले तेव्हा तिला काय ऐकावे लागले, यावर तो ठरतो.

वरिष्ठांसमोर तोंड उघडायचे कसे?

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुण महिलेला सायनसच्या साध्या, नियोजित शस्त्रक्रियेसाठी भूल दिली गेली. श्वासमार्ग बंद झाला आणि नळी काही केल्या आत जाईना. खोलीत अनुभवी तज्ज्ञ होते आणि ते पुन्हा पुन्हा नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा करण्याचे साहित्य आणून ठेवले आणि ते तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट मिळवण्यासाठी फोन केला. काय करायला हवे हे त्यांना कळले होते, पण अशा प्रसंगी वरिष्ठांना स्पष्ट शब्दांत कसे सांगायचे हे त्यांना कळेना. ती महिला काही दिवसांनी दगावली. तिचे पती व्यवसायाने वैमानिक होते. कनिष्ठ सहकाऱ्याने मुख्य वैमानिकाला रोखण्याचे शिक्षण विमानक्षेत्रात दिले जाते, मग ते शस्त्रक्रियागृहात का नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि पुढे त्या कामासाठी संस्था उभी केली.

चूक दाखवली, शंका विचारली किंवा "मला समजलं नाही" म्हटले तर अपमान होणार नाही, ही खात्री म्हणजे 'मानसिक सुरक्षितता'. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला. त्यांची अपेक्षा अशी होती की चांगल्या पथकांत औषधांच्या चुका कमी आढळतील. प्रत्यक्षात चांगल्या पथकांत नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसे जास्त चुका करत होती म्हणून नव्हे. ती चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होती, म्हणून त्या नोंदीवर येत होत्या. ज्या रुग्णालयात वर्षभरात एकही चूक नोंदली गेली नाही, त्या रुग्णालयाची मला जास्त भीती वाटते.

नियम वरून लादला तर?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी तयार केली. छेद देण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, ही तिच्यातील एक पायरी आहे. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना ती सक्तीची झाली, तेव्हा मात्र २०१४ च्या अभ्यासात म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही. यादी तीच असूनही हा फरक पडण्यामागे अनेक कारणे असू शकतील. मला त्यातले मुख्य कारण असे वाटते की कागदावर खूण करणे हुकमाने होते, पण मुख्य सर्जनने थांबून सर्वांचे ऐकणे हुकमाने होत नाही. ते त्या खोलीतील सर्वांत वरिष्ठ माणसाच्या वागण्यातून येते.

म्हणून इथे नेतृत्व म्हणजे अधिष्ठात्यांची खुर्ची एवढाच अर्थ घेऊन चालणार नाही. वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका (मेट्रन), प्रत्येक कक्षाच्या परिसेविका (इन्चार्ज सिस्टर) आणि रात्री अपघात विभागाची जबाबदारी असलेले डॉक्टर, ही सर्व नेतृत्वाचीच पदे आहेत. रुग्णालयात काय खपते आणि काय खपत नाही, हे रोज याच पदांवरची माणसे दाखवून देतात. चांगला अधीक्षक सकाळी दहा मिनिटे सर्व विभागांच्या प्रतिनिधींना उभ्या उभ्या भेटतो. रात्री काय झाले, आज कशाचा तुटवडा आहे, कोणत्या रुग्णाचे कुटुंब अस्वस्थ आहे, एवढेच विचारतो आणि काल विचारलेल्याचे काय झाले ते आज सांगतो. यातला शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी गळतो. सक्शन मशीन बंद असल्याचे तीनदा कळवूनही काही झाले नाही की परिसेविका चौथ्यांदा कळवत नाही.

या बैठकीत सुरक्षारक्षक, कंत्राटी कक्षसेवक आणि सफाई करणाऱ्या मावशी यांचा प्रतिनिधी असावा, असा माझा आग्रह आहे. नातेवाईक सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्यांच्याशीच बोलतात, शिव्याही तेच खातात, आणि तरी भेटीची वेळ बदलली आहे किंवा लिफ्ट बंद आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. ज्याला स्वतःला कोणी धड उत्तर देत नाही, त्याने दिवसभर इतरांना धीराने उत्तरे द्यावीत, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

"पण वेळच नाही, बोलणार कधी?"

हा आक्षेप खरा आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये मांडलेल्या आढाव्यात भारतातील प्राथमिक स्तरावरची डॉक्टर-रुग्ण भेट सरासरी दोन मिनिटांच्या आसपास भरली होती, तर स्वीडनमध्ये ती वीस मिनिटांहून अधिक होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्णांचे मृत्यू झाले आणि चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा ५०० खाटांच्या या रुग्णालयावर ठाणे शहराबरोबर शहापूर, मुरबाड, भिवंडी आणि पालघरकडून किती भार येतो, हे साऱ्या राज्याला कळले. खाटा, परिचारिका आणि डॉक्टर कमी असतील तर ते संवादाने वाढत नाहीत. रिक्त पदे न भरता कर्मचाऱ्यांना संवादकौशल्याच्या कार्यशाळेला बसवणे हे नेतृत्वाने स्वतःची जबाबदारी त्यांच्या गळ्यात टाकणे आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

तरीही वेळ कुठे जातो, हे पाहावे लागते. एका रुग्णाचे चार नातेवाईक चार वेळा येऊन तोच प्रश्न विचारतात, कारण उत्तर कधी आणि कोण देणार हे ठरलेले नसते. "डॉक्टर रोज दुपारी बारा ते साडेबारा या वेळेत नातेवाइकांशी बोलतील, प्रत्येक घरातून एकाने यावे," असे ठरवून ते काटेकोर पाळले तर दिवसभराची टोचणी बरीच कमी होते. गर्दीच्या कक्षातच अशा वेळेची गरज सर्वांत जास्त असते.

"संवाद हा स्वभावाचा भाग आहे, तो शिकवता येत नाही"

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे, म्हणजे देशाच्या वैद्यकीय शिक्षणाने हा आक्षेप निकालात काढला आहे. शिकवण्याजोगी एक साधी पद्धत अशी: सूचना देऊन झाल्यावर "समजलं ना?" असे विचारायचे नाही, कारण त्यावर प्रत्येक जण मान डोलावतो. "घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, ते मला एकदा सांगा," असे म्हणायचे. मुंब्र्याहून आलेल्या उर्दूभाषक आजी असोत, ऐरोलीच्या गावठाणातले आगरी काका असोत किंवा शहापूरची कातकरी आई असो, त्यांच्या तोंडून परत आलेल्या उत्तरात कुठे गोंधळ आहे ते अर्ध्या मिनिटात कळते. आपल्या शब्दांत समजावण्यात काय राहून गेले, हेही डॉक्टरला तिथेच उमगते.

"खासगी रुग्णालयात तर सगळे छान बोलतात"

तिथे दुखणे वेगळ्या ठिकाणी असते. सकाळी नऊला तज्ज्ञ "आज घरी जा" म्हणतात आणि कुटुंब संध्याकाळी सातला बाहेर पडते. मधल्या दहा तासांत डिस्चार्ज कार्ड, औषधांचा परतावा, अंतिम बिल आणि विम्याची मंजुरी अशा चार टेबलांवर कागद फिरतो, आणि प्रत्येक टेबल अत्यंत नम्रपणे पुढच्या टेबलाकडे बोट दाखवते. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये ठरवून दिले आहे की रुग्णालयाकडून विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम कॅशलेस मंजुरी दिली पाहिजे, आणि उशिरामुळे वाढलेला खर्च विमा कंपनीने सोसला पाहिजे. पण ती विनंती रुग्णालयातून किती वाजता गेली, हे कुटुंबाला सांगणारे कोणी नसेल तर या नियमाचा उपयोग कसा होणार? आदल्या संध्याकाळीच डिस्चार्जची तयारी सुरू करायची आणि कागद कुठे आहे ते सांगणारा एक माणूस नेमायचा, हा निर्णय व्यवस्थापनाचा आहे. स्वागतकक्षातील मुलीचा नाही.

संमतिपत्राचेही असेच होते. उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला समजतील अशा रीतीने सांगितल्यावरच संमती खरी ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. शस्त्रक्रियेच्या दाराशी, ढकलगाडी अर्धी आत गेलेली असताना पुढे केलेल्या कागदावरची सही त्या कसोटीला उतरणे कठीण आहे.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावे?

घरातील एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलायचे हे पहिल्या दिवशीच ठरवावे आणि तिचे नाव व दूरध्वनी क्रमांक परिसेविकेकडे नोंदवून ठेवावा. चालू औषधांची यादी आणि जुने अहवाल एका पिशवीत जवळ ठेवावेत. पाळी बदलताना खाटेशी असाल तर नम्रपणे ऐकावे, आणि काही चुकत असेल तर त्या बाईंसारखे तिथल्या तिथे सांगावे. घरी निघताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणती औषधे किती दिवस, कोणते लक्षण दिसले तर ताबडतोब परत यायचे आणि रात्री फोन करायचा तर कोणत्या क्रमांकावर. तक्रार करायची वेळ आलीच तर ती काउंटरवरच्या माणसावर ओरडून न करता रुग्णालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. खासगी रुग्णालयाकडून उत्तर आले नाही तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येते, कारण शहरातील शुश्रूषागृहांची नोंदणी तिथेच होते. आणि एखाद्या परिचारिकेने किंवा मावशींनी नीट सांभाळून घेतले असेल, तर तेही नावासह लेखी द्यावे. वरिष्ठांच्या टेबलावर अशी पत्रे फार कमी पोहोचतात.